आम्लातून निघालेली खोली

आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी, स्विचबोर्डाच्या जरा वर, पोस्टकार्डापेक्षा जेमतेम मोठं असं एक काळंपांढरं चित्र टांगलेलं आहे. पाहुणे त्याच्याखाली बसून जेवून जातात, त्यांना ते दिसत नाही. एकदा पुण्याहून आलेल्या मावशींनी मात्र चष्मा कपाळावर चढवून जवळून बघितलं आणि विचारलं, "जुना दिसतोय गं फोटो. कुणाचं घर हे?" फोटो नाही, एचिंग आहे, म्हटल्यावर त्यांचा रस संपला. पण प्रश्न त्यांनी अचूक विचारला होता. कुणाचं घर हे, असं त्या चित्राला मी गेली पंचवीसेक वर्षं विचारते आहे.

१९९८ च्या हिवाळ्यात ते आमच्याकडे आलं. बदली होऊन कोलकात्यात आम्हाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका कलाशाळेच्या वार्षिक प्रदर्शनात, वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बांधलेल्या दोरीला, चिमट्यांनी अडकवलेली चित्रं होती. वाळत घातलेल्या रुमालांसारखी. याची किंमत तीनशे रुपये. खाली पेन्सिलीने डावीकडे ६/१५, म्हणजे पंधरा छापांपैकी सहावा, आणि उजवीकडे सही. सहीतलं पहिलं अक्षर 'स' असावं, पुढे नुसती मुंगी पळत गेल्यासारखी रेघ. विकायला बसलेला मुलगा म्हणाला, वरच्या वर्गातल्या दीदीचं काम आहे, दीदी गावी गेलीय. तेवढीच ओळख.

चित्रात एक खोली आहे. डावीकडे उंच खिडकी, तिला आडव्या पट्ट्यांची झडप. इथे तिला खडखडी म्हणतात. पट्ट्या अर्धवट उघड्या, त्यातून आलेला उजेड जमिनीवर तिरप्या रेघांनी पडलेला. उजवीकडे उंच पायांचा पलंग, त्याच्यावर गुंडाळून टाकलेली मच्छरदाणी, खाली अंधार. भिंतीवर एक फळी, तिच्यावर देव आणि एक शंख. मध्ये जमिनीवर एक बाई बसली आहे, पाठमोरी, किंचित वळलेली. पदराच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा. तिच्या हातात काय आहे ते दिसत नाही. गुडघ्यापलीकडे बोंटीचं पातं तेवढं वर आलेलं दिसतं. बोंटी म्हणजे आपली विळीच, फक्त पातं जास्त उंच आणि डौलदार, आणि बसायला पाट नाही. पट्टी पायाखाली दाबून धरायची. त्या सगळ्या करड्या-काळ्या खोलीत ते पातं कोऱ्या कागदाइतकं पांढरं आहे.

पुढे या पुस्तकात येणारी चित्रंही अशीच लहान आहेत, बहुतेक तळहाताएवढी, आणि बहुतेकांत घराच्या आतली एखादी जागा आहे. मराठी वाचकाला छापचित्रांची सवय कमी. प्रकाशकांनी सुचवलं होतं की प्रस्तावनेत आधी तंत्र सांगावं आणि मग आशयाकडे वळावं. तसं दोनदा लिहून पाहिलं आणि फाडलं. एचिंगमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या निघतच नाहीत. कुठली रेघ आम्लात किती वेळ होती, कुठली जागा आम्लापासून आधी वाचवली, हेच तिथे म्हणणं असतं. म्हणून मी दोन्ही एकत्रच सांगणार आहे, आणि सुरुवात मिरजेच्या आमच्या स्वयंपाकघरापासून करणार आहे.

आजीकडे पितळेची मोठी भांडी होती. ताक त्यात ठेवायचं नाही, चिंचेची आमटी तर नाहीच, कळकेल. कल्हई असली तर हरकत नाही. वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा, भाता लावायचा, नवसागराची फक्की टाकायचा, आणि भांडं आतून चांदीसारखं होऊन बाहेर यायचं. महिने जात, डाव लागून लागून कल्हई एखाद्या जागी उडे, आणि नेमकं तिथेच ताक धातूला चावायचं. आजी भांडं उजेडाकडे तिरपं धरून ती जागा बोटाने दाखवायची. एचिंग मी हातात घेतलं तेव्हा माझं वय चाळिशीपुढे होतं, दक्षिण कोलकात्यातल्या एका संध्याकाळच्या कार्यशाळेत. शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी सगळं समजावून सांगितलं आणि मी मनात म्हटलं, हे तर आजीचं भांडं! मुद्दाम, ठरवून, आपल्याला हव्या त्या रेघेवर कळकवलेलं.

तांब्याचा किंवा जस्ताचा गुळगुळीत पत्रा घ्यायचा. शिकाऊ लोक जस्तच घेतात, स्वस्त पडतं. कानसीने कडा उतरत्या करायच्या, नाहीतर प्रेसमध्ये कागद कापला जातो. पत्रा खडूच्या भुकटीने घासून इतका स्वच्छ करायचा की पाणी त्यावर थेंब न धरता सपाट पसरावं. मग तो तापवून त्याच्यावर मेण, डांबर आणि राळ यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. या थराला ग्राउंड म्हणतात, हीच कल्हई. तो मेणबत्तीच्या काजळीवर धरून काळा करायचा आणि सुईने त्यावर चित्र काढायचं. इथे नवख्याचा हात हमखास चुकतो. तो जोर लावतो. धातू खणायचा नसतो, फक्त उघडा करायचा असतो. खणायचं काम आम्लाचं. काळ्यावर चकाकत्या रेघा उमटतात, म्हणजे सगळं उलट दिसत असतं. जे काळं छापायचं ते आत्ता चमकतंय आणि जे पांढरं राहायचं ते काजळीने माखलंय.

मग पत्रा पाणी घातलेल्या नायट्रिक आम्लात. रेघारेघांवर बारीक बुडबुडे धरतात, ते पिसाने हलकेच सारायचे. आमच्याकडे त्यासाठी कबुतराची पिसं होती, कोलकात्यात त्यांना तोटा नाही. थोड्या वेळाने पत्रा बाहेर काढायचा, धुवायचा, आणि ज्या रेघा आता पुरेत असं वाटतं त्यांच्यावर व्हार्निश लावून त्या बंद करायच्या. पुन्हा आम्लात. पुन्हा बाहेर, आणखी काही रेघा बंद. म्हणजे सगळ्यात फिकी रेघ ती, जिची सुटका पहिल्यांदा झाली. सगळ्यात काळी ती, जी शेवटपर्यंत आत राहिली. सुई प्रत्येक वेळी तीच होती आणि हातही तोच. फरक फक्त वेळेचा.

अंधाराचे सपाट पट्टे, जसा त्या पलंगाखालचा, रेघांनी होत नाहीत. त्याला अॅक्वाटिंट लागतं. राळेची बारीक पूड पत्र्यावर धुळीसारखी बसवायची आणि खालून आच द्यायची, की कण वितळून तिथेच चिकटतात. आम्ल त्या कणांच्या मधून धातू खातं आणि पत्र्याला खरखरीत पोत येतो. त्यात शाई धरते. इथेही क्रम तोच. आम्लात टाकायच्या आधी, अगदी पहिल्यांदा, पांढऱ्या राहायच्या जागा व्हार्निशने झाकायच्या. मग काही सेकंद आम्ल. मग फिकट करडं झाकायचं, पुन्हा आम्ल, मग गडद करडं. शेवटी एकटा काळोख आम्लात उरतो. चित्रकाराला रंगात उजेड शेवटी ठेवता येतो, पांढऱ्याचा एक ठिपका देऊन काम संपवता येतं. एचिंगमध्ये उजेड आधी ठरवावा लागतो आणि मग सगळ्या फेऱ्यांत सांभाळावा लागतो. म्हणून असं चित्र समोर आलं की मी पहिल्यांदा पांढरं शोधते. तिथे या माणसाने सर्वांत आधी काय वाचवलं ते कळतं.

आणि आमच्या चित्रात वाचवलेलं होतं ते बोंटीचं पातं. खिडकीचा उजेडसुद्धा तितका पांढरा नाही. त्याला एक फेरी आम्ल लागलेलं आहे, भिंगातून दाणा दिसतो. बाईचा चेहरा तर नाहीच. पांढरं फक्त पातं.

कोलकात्यात हे साधं राहत नाही. इथल्या चित्रांच्या आठवणीत बोंटी एका खुनाला चिकटलेली आहे. १८७३ साली तारकेश्वरच्या महंताने भ्रष्ट केली म्हणून नवीनचंद्र नावाच्या नवऱ्याने आपल्या सोळा वर्षांच्या बायकोचा, एलोकेशीचा, माशाच्या बोंटीने गळा चिरला. खटला गाजला, नाटकं झाली, कालीघाटच्या पटुआंनी, म्हणजे पटचित्रकारांनी, तो प्रसंग पुन्हापुन्हा रंगवला आणि बटतल्याच्या छापखान्यांतल्या लाकडी ठशांनी तो घरोघर नेला. घराच्या आतली जागा स्वस्त छापात इतक्या उघडपणे आली ती अशी, खुनाच्या निमित्ताने. साहजिकच मी माझ्या खोलीतल्या बाईच्या पाठीकडे वर्षानुवर्षं त्याच नजरेने बघत आले. ती काही चिरत नाहीये, थांबली आहे. पातं तिच्याकडे बघतंय. जेवताना हे चित्र डोळ्यांसमोर नको, असंही मधे दोन वर्षं माझं मत होतं.

त्याआधीच्या छापांमध्ये घर कुठे होतं? शोधायला गेलं तर गंमत आहे. अँटवर्पचा बाल्थाझार सोल्विन्स १७९१ साली कोलकात्यात आला आणि त्याने इथल्या लोकांची, धंद्यांची, वाद्यांची, होड्यांची, पालख्यांची अडीचशे एचिंग्ज स्वतः करून, हाताने रंगवून प्रसिद्ध केली. १७९६ ची त्याची आवृत्ती कोलकात्यातच छापली गेली. हुक्का ओढायच्या तऱ्हांनासुद्धा त्याने वेगळा विभाग दिला. साहेबाच्या घरचे नोकर एकेक करून उभे केले. पण नोकर उभा असतो तो मोकळ्यावर. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआत परक्या माणसाला कोण घेणार? चार्ल्स डॉयलीच्या चित्रांवरून १८१३ साली लंडनला निघालेल्या 'द युरोपियन इन इंडिया'मध्ये खोल्या आहेत, पण त्या साहेबांच्या: पंखा ओढणारे, हुक्काबरदार, आणि मध्ये खुर्चीत पसरलेला मालक. बंगाली घर आतून दिसायचं तर सुई घरातल्याच कुणाच्या हातात यायला हवी होती. त्याला शंभर वर्षं लागली.

आपल्याकडचा धागाही इथे पकडून ठेवते, नाहीतर मिरजेला बरं वाटणार नाही. पुण्यात रेसिडेंट मॅलेटच्या आश्रयाने गंगाराम तांबट साहेबी पद्धतीची चित्रकला शिकला. तांबटाला धातू नवा नव्हता. आणि १८०५ साली मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर कोरून भगवद्गीता छापली गेली. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासात तिची दखल घेतली आहे. लक्षात घ्यायचं ते इतकंच की ते कोरीव काम होतं, एचिंग नव्हे. अक्षर अन् अक्षर हाताच्या जोराने, उलटं, तांब्यातून उचलून काढलेलं. आम्लाला तिथे प्रवेश नव्हता. कोरणाऱ्याच्या मनगटात जे असतं ते एचिंगमध्ये थांबण्यात असतं, आणि थांबणं हा कारागिराला आळस वाटतो. माझा तसा समज आहे. तांबटांनी रागावू नये.

कोलकात्यात सुई घरच्या हातात आली ती मुकुल दे यांच्याबरोबर. १९१६ साली रवींद्रनाथ जपानमार्गे अमेरिकेला निघाले तेव्हा वीस वर्षांचा हा शांतिनिकेतनचा मुलगा त्यांच्यासोबत होता. शिकागोला तो जेम्स ब्लँडिंग स्लोनकडे एचिंग शिकला. छापचित्रणाचं तंत्र शिकण्यासाठी परदेशी गेलेला पहिला भारतीय कलावंत म्हणून त्याचं नाव घेतात. १९१९ मध्ये तो अजिंठ्याला येऊन राहिला, लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या, त्यावरचं त्याचं पुस्तक १९२५ साली लंडनला निघालं. आपल्याकडे मुकुल दे माहीत असलाच तर तेवढ्यापुरता. पुढे लंडनला स्लेड आणि रॉयल कॉलेज ऑफ आर्ट, आणि १९२८ साली कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेचा पहिला भारतीय प्राचार्य. ही शाळा १८५४ साली सुरू झाली होती ती गरानहाट्यात, म्हणजे बटतल्याच्या ठसेवाल्यांच्याच शेजारात. नंतर ती चौरंगीवर संग्रहालयाच्या बाजूला गेली आणि शेजारधर्म संपला.

मुकुल दे यांचा हात खरा बसला तो ड्रायपॉइंटवर. त्यात आम्ल नाही, ग्राउंड नाही. अणकुचीदार सुईने थेट तांब्यावर ओरखडायचं. ओरखड्याच्या काठाला धातूची बारीक कड उभी राहते, तिच्यात शाई अडकते, आणि रेघ मखमलीसारखी, किंचित फुललेली छापली जाते. ही कड नाजूक. प्रेसच्या दाबाखाली काही छापांतच ती झिजते, म्हणून पहिल्या छापांना मान. त्यांनी केलेली माणसांची चित्रं पाहताना ती ऊब जाणवते. माणूस समोर बसलाय, बोलतोय, सुई चालू आहे. खोलीला मात्र ड्रायपॉइंट पुरत नाही, असं मला वाटतं. खोलीतला अंधार बोलता बोलता होत नाही, तो साचावा लागतो.

पुढची नावं या पुस्तकात जागोजाग येतील, म्हणून भरभर घेते. दिनाजपूरचे हरेन दास, ज्यांनी बंगालची खेडी लाकडावर केसाएवढ्या रेघांनी कोरली आणि त्याच कलाशाळेत पिढ्या शिकवल्या. भवानीपूरचे सफिउद्दीन अहमद, जे फाळणीनंतर ढाक्याला गेले आणि तिकडच्या छापचित्रकलेचे मूळपुरुष झाले. १९६० साली कोलकात्यात निघालेली सोसायटी ऑफ कंटेम्पररी आर्टिस्ट्स, जिच्या कार्यशाळेत सनत कर, लालूप्रसाद शॉ अशी मंडळी एकाच प्रेसवर काम करत. तांबं परवडत नाही म्हणून सनत करांनी लाकूड, पुठ्ठा, सनमायका, हाताला येईल त्यावर खोदून पाहिलं. टंचाईतून निघालेली ही तंत्रं पुढे त्यांची ओळख झाली.

एकाजवळ मात्र थांबते. सोमनाथ होर. सफिउद्दीनांचेच विद्यार्थी. दुष्काळ पाहिला, १९४६ च्या अखेरीस तेभागा आंदोलनात शेतकऱ्यांबरोबर फिरून रेखाटनं केली, मग वर्षानुवर्षं एचिंग केलं. आणि सत्तरच्या दशकात त्यांनी शाई सोडून दिली. मेणाच्या, मातीच्या पाट्यांवर सुरीने, तापल्या सळईने घाव घालायचे, त्यावरून साचा घ्यायचा, साच्यात कागदाचा लगदा ओतायचा. वाळल्यावर निघतो तो पांढरा कागद, त्यावर पांढरीच जखम. 'वुंड्स' या नावाने ती मालिका ओळखली जाते. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की एचिंगवाले ज्याला सहजपणे 'बाइट' म्हणतात, प्लेट किती चावली, अजून थोडी चावू दे, त्या शब्दाचा अर्थ या माणसाने खरा धरला होता. त्यानंतर कार्यशाळेत 'चावणं' हा शब्द माझ्या तोंडून पूर्वीसारखा सहज निघाला नाही.

माझी स्वतःची कामगिरी सांगायलाच हवी. मीही एक खोली करायला घेतली होती, मिरजेचं माजघर. कोनाडा, फडताळ, वरच्या कौलातल्या काचेतून खाली पडलेला उजेडाचा चौकोन. पत्रा आम्लात टाकला आणि फोन वाजला. मुलीच्या शाळेतून होता, पाच मिनिटं गेली. परत आले तर ग्राउंड जागोजागी सुटलेलं, आणि ज्या चौकोनाला मी जपत होते त्याच्यावर आम्लाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडलेले. याला फाउल बाइट म्हणतात. शिकवणाऱ्यांनी तो छापूनच बघायला लावला. छाप बघून म्हणाले, "तुमच्या देशात पाऊस फार पडतो वाटतं?" आणि खरोखरच, माजघरात कौल गळत असावं असं दिसत होतं. तो छाप मी ठेवला आहे. कोकणातल्या कुणाही पाहुण्याला तो फार खरा वाटतो.

छापणं हे पुन्हा वेगळंच प्रकरण. पत्र्यावर शाई चोपडायची आणि खळ दिलेल्या जाळीदार कापडाने पुसत आणायची, शेवटी तळहाताने. किती पुसायचं हे तुमच्या मनावर. स्वच्छ पुसलं तर खोलीत दुपार होते. शाईची पातळ साय मागे ठेवली तर त्याच पत्र्यातून संध्याकाळ निघते. भिजवून टिपलेला ओलसर कागद, वर लोकरी नमदे, आणि प्रेसचा रूळ. कागद उचलताना जो हलका चर्र आवाज येतो त्याची सवय लागते. पत्र्याच्या कडेचा दाब कागदात कायमचा राहतो. एखादं चित्र खरोखर एचिंग आहे की छपाईची नक्कल, हे बघायचं तर कागद तिरपा धरून ती चौकट चाचपून पाहा.

आणि सगळं आरशासारखं उलटं निघतं. डावीकडचं उजवीकडे. माझ्या चित्रातल्या बाईचा पदर उजव्या खांद्यावरून मागे गेलेला आहे. त्या 'स' दीदीने उलटं काढायचा त्रास घेतलेला नाही. म्हणजे खरी खिडकी उजवीकडे होती. रेम्ब्रांटनेही हे केलेलं आहे. १६५० साली त्याने समुद्रातल्या एका शंखाचं लहानसं एचिंग केलं. सही बरोबर उमटेल अशी उलटी कोरली, पण शंख जसा समोर होता तसाच काढला. छापात त्याचा वेढा उलटा पडला. प्राणिशास्त्रवाले त्यावर हसतात. आपण हसू नये. आपल्या हिशेबाने त्याला फुकटात दक्षिणावर्ती शंख मिळाला, ज्याच्यासाठी लोक काय वाटेल ती किंमत मोजतात. माझ्या खोलीतल्या देवाच्या फळीवरचा शंखही भिंगातून पाहिला तर दक्षिणावर्ती आहे. भाड्याच्या खोलीत एवढं वैभव.

रेम्ब्रांटचं नाव घेतलंच आहे तर आणखी दोन गोष्टी. १६५८ मधली त्याची शेगडीजवळ बसलेली अर्धवस्त्र बाई: तो छाप काढत गेला आणि पत्रा बदलत गेला. एका अवस्थेत तिच्या डोक्यावर टोपी आहे, पुढच्या एकीत नाही. घरातली बाई आपली टोपी काढून ठेवते तितक्या सहज त्याने ती तांब्यावरून काढून टाकली. दुसरी गोष्ट आपल्या जवळची. त्याने मुघल लघुचित्रांवरून वीसेक रेखाटनं केली होती, आणि १६५६ च्या एचिंगमध्ये अब्राहमकडे आलेल्या देवदूतांना त्याने टेबल-खुर्ची दिली नाही. मुघल चित्रातल्या मौलवींसारखं जमिनीवर पंगतीला बसवलं. हॉलंडच्या छापात भारतीय बैठक शिरली ती अशी.

जमिनीवर बसणाऱ्या माणसाचं घर वेगळं दिसतं, हे या पुस्तकातली चित्रं लागोपाठ पाहताना तुमच्या ध्यानात येईल. नजर खाली असते. पलंगाचे पाय खांबांसारखे उभे राहतात आणि पलंगाखालची जागा ही एक खोलीच होते. कोलकात्याच्या जुन्या घरांत ती तशी असतेही. ट्रंका, लोणच्याच्या बरण्या, हार्मोनियम, पुरामुळे गावाहून आलेला भाचा, काहीही तिथे मावतं. फाळणीनंतर सीमेपलीकडून आलेल्या कित्येक कुटुंबांनी एकेका खोलीत संसार मांडले, त्यांच्या घरी तर पलंग विटांवर चढवून ती जागा वाढवलेली असे. आमच्या चित्रातला पलंगही विटांवर आहे. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या पावसाळ्यात फ्रेमच्या आत बुरशी शिरली. कोलकात्याच्या हवेत कागदाचं हे होतंच; ज्यांच्याकडे छापचित्रं आहेत त्यांनी दर दोन-तीन वर्षांनी फ्रेम उघडून बघावी आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित घालावा. मी काच काढली आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा कागद उघडा समोर ठेवून, खिडकीशी बसून, दहा पटींच्या भिंगाखाली इंचाइंचाने पाहिला.

पलंगाखालच्या काळोखात दोन पांढरे ठिपके होते. ते मी काचेतूनही पाहिले होते आणि धूळ म्हणून सोडून दिले होते. फार तर फाउल बाइट. पण अपघाताने पडलेला ठिपका वेडावाकडा असतो. मागाहून घासून उजळलेल्या ठिपक्याच्या कडेला करडी साय असते. यांच्या कडा कापल्यासारख्या स्वच्छ होत्या. हे ब्रशच्या टोकाने, व्हार्निशने, आम्लात जायच्या आधी झाकलेले होते, पात्याबरोबर, पहिल्याच फेरीला. दोन्ही सारखे, एका ओळीत, मध्ये थोडं अंतर. भिंग जरा सरकवलं तेव्हा अॅक्वाटिंटच्या दाण्याखाली आधी चावलेल्या रेघा हळूहळू दिसायला लागल्या: एक कान, दुसरा कान, पुढे ओढून ठेवलेला पंजा.

मांजर होतं. पलंगाखाली दबा धरून, बाईच्या हाताकडे डोळे लावून.

म्हणजे ती भाजी चिरत नव्हती आणि एलोकेशीचा विचारही करत नव्हती. मासा साफ करत होती. ज्या खोलीत पलंग, त्याच खोलीत देव आणि त्याच खोलीत मासा, कारण दुसरी खोली नव्हती. मी ते चित्र पुन्हा टेबलाशेजारी लावलं आहे, जरा खाली, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांना येईल असं. परवा आमच्याकडे काम करणाऱ्या मासींनी फडकं मारता मारता वाकून बघितलं आणि भिंग न घेता विचारलं, "इलिश का?"